अंतर मिळालं तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती

ग्रेटे वाइट्झविषयी ज्यांनी थोडंफार वाचलं आहे, त्यांना तिच्या बुटांची गोष्ट हमखास ठाऊक असते. 22 ऑक्टोबर 1978. न्यूयॉर्क मॅरेथॉन सेंट्रल पार्कमध्ये संपली. ऑस्लोहून आलेल्या त्या शाळामास्तरणीने पायांतले बूट काढले, नवऱ्याच्या, जॅकच्या, दिशेने भिरकावले आणि असला मूर्खपणा पुन्हा आयुष्यात करणार नाही, असं त्याला बजावलं. तिला इथे आणण्याचा उद्योग जॅकचाच होता. अमेरिका पाहायची राहिली आहे, जाऊन येऊ, हवं तर दुसरा मधुचंद्र समज, असं सांगून त्याने तिला तयार केलं होतं. आदल्या रात्री दोघांनी छान हॉटेलात कोळंबी, मांस आणि आइस्क्रीम असं भरपेट जेवण घेतलं, सोबत वाइनही. मॅरेथॉनच्या आदल्या रात्री काय खावं याविषयी धावणाऱ्यांचे जे काही दंडक असतील, त्यांतला एकही तिला माहीत नव्हता. वीसेक किलोमीटरपलीकडे ती त्याआधी कधी धावलीच नव्हती. आणि तरी, बूट फेकले त्या क्षणी ती स्त्रियांच्या मॅरेथॉनमधल्या जगातल्या सर्वोत्तम वेळेची धनीण झाली होती : 2 तास 32 मिनिटं 30 सेकंद. जुनी वेळ तिने दोन मिनिटांहून अधिक फरकाने मागे टाकली होती.

गोष्ट खरी आहे. खुद्द ग्रेटेने आणि जॅकने ती पुढे अनेकदा हसत हसत सांगितली. छाती थकली नव्हती, पण शेवटच्या टप्प्यात मांड्या अशा धरल्या की पाऊल टाकणं कठीण झालं. रस्त्यावरचे फलक मैलांचे, तिचा हिशेब किलोमीटरचा, त्यामुळे अजून किती उरलं आहे तेच कळेना. एखादं झाड दिसलं की सेंट्रल पार्क आलं असं वाटायचं आणि ते आलेलं नसायचं. तिची नोंदणी इतकी उशिरा झाली होती की छापील यादीत तिचं नावच नव्हतं. छातीवर 1173 हा क्रमांक लावलेली ही सोनेरी वेण्यांची बाई कोण, हे पत्रकार एकमेकांना विचारत होते.

माझी तक्रार गोष्टीबद्दल नाही, तिच्या वापराबद्दल आहे. ती सांगितली की ग्रेटेची कारकीर्द लॉटरी लागल्यासारखी वाटू लागते. सहज आली, गंमत म्हणून धावली, जिंकली. या पुस्तकाचा विषय असलेलं आयुष्य नेमकं याच्या उलट आहे, आणि प्रस्तावनेत मला एवढंच मांडायचं आहे. न्यूयॉर्कला येण्याच्या आधीची किमान दहा वर्षं ही मुलगी लांब पल्ल्याची धावपटू होती. तिला मिळत नव्हता तो पल्ला.

ही गोष्ट समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. ग्रेटेचा, माहेरच्या आंदेर्सनचा, जन्म 1 ऑक्टोबर 1953 चा, ऑस्लोचा. त्या सुमारास ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी सर्वांत लांबची धाव होती 200 मीटरची. दोनशे! त्याआधी 1928 साली ॲमस्टरडॅमला स्त्रियांना 800 मीटर धावू दिलं गेलं होतं. जर्मनीची लीना राड्के ती शर्यत 2 मिनिटं 16.8 सेकंदांत जिंकली, जागतिक विक्रम झाला, अंतिम फेरीतल्या नऊच्या नऊ जणी शेवटपर्यंत पोहोचल्या. वर्तमानपत्रांनी मात्र बायका कशा धडाधड कोसळल्या याची रसभरीत वर्णनं छापली. शर्यत संपल्यावर धावपटू गवतावर आडवा होतो, यात नवल ते काय, पुरुषही होतात. पण बायका आडव्या झाल्या तेव्हा तो वैद्यकीय पुरावा ठरला आणि 800 मीटर थेट 1960 पर्यंत कार्यक्रमातून बाद झालं. ते परत आलं तेव्हा ग्रेटे सहा वर्षांची होती. 1500 मीटर आलं 1972 साली, म्युनिकला. ती अठरा वर्षांची होती आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडली.

पुढची सहा वर्षं वाचताना मला नेहमी एक अस्वस्थता जाणवते. 1974 साली रोमच्या युरोपीय स्पर्धेत तिला 1500 मीटरचं कांस्य मिळालं. 1975 साली तिने 3000 मीटरचा जागतिक विक्रम केला, 8 मिनिटं 46.6 सेकंद, पुढच्या वर्षी तोच आणखी खाली आणला, 8:45.4. म्हणजे 1976 च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला या अंतरावर पृथ्वीतलावर तिच्याइतकी वेगवान बाई नव्हती. त्याच उन्हाळ्यात मॉन्ट्रियलला ऑलिंपिक झालं आणि तिथे स्त्रियांसाठी 3000 मीटर नव्हतं. तिला पुन्हा 1500 धावावं लागलं. उपांत्य फेरीच्या पुढे ती जाऊ शकली नाही. 1500 मीटरमध्ये शेवटच्या तीनशे मीटरांत जो एकदम उसळतो तो जिंकतो, आणि ग्रेटेकडे ती उसळी नव्हती. तिच्याकडे होता तो न ढळणारा वेग. दमणाऱ्यांना दमू द्यायचं आणि आपण तसंच चालू ठेवायचं, ही तिची रीत. त्या रीतीला 1500 मीटर पुरत नव्हते, 3000 सुद्धा जेमतेम पुरत. 1978 च्या उन्हाळ्याअखेरीस प्रागच्या युरोपीय स्पर्धेत 3000 मीटरमध्ये कांस्यावर समाधान मानावं लागलं, तेव्हा तिच्या मनात धावणं सोडून शाळेत रमायचा विचार घोळत होता.

आणि शाळा हा या कारकिर्दीतला बाजूचा तपशील नव्हे. ती ऑस्लोत शिकवत होती. शाळा सुरू होण्याआधी एकदा आणि सुटल्यावर एकदा, असं दिवसातून दोनदा धावणं. ऑस्लोत डिसेंबरात सूर्य नऊ वाजून गेल्यावर उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतो. तेव्हा हिवाळ्यातले तिचे दोन्ही वेळचे किलोमीटर अंधारातच व्हायचे, बर्फावर, शून्याखालच्या थंडीत. सोबतीला जॅक, कधी तिचे मोठे भाऊ. पुरुषांबरोबर धावायचं म्हणजे त्यांच्या गतीने धावायचं. तिच्याबरोबर सराव केलेल्यांच्या आठवणींत एक मुद्दा पुन्हा पुन्हा येतो : ग्रेटेबरोबर ‘हलकं’ धावणं असं काही नसायचं. हळूहळू तिची पावलं पुढे सरकायची आणि बाकीच्यांची बोलणी बंद व्हायची.

आपल्याकडच्या खेळाडूंच्या चरित्रांना दुःखाची सवय लागली आहे. गरिबी, अनवाणी पाय, डोक्यावर पाण्याचा हंडा, मग पदक, मग डोळ्यांत पाणी. ती चरित्रं खोटी नाहीत. पण त्यांनी वाचकाला असं शिकवलं आहे की हालअपेष्टा नसतील तर गोष्टच नाही. ग्रेटेच्या आयुष्यात अशा हालअपेष्टा जवळजवळ नाहीत. मध्यमवर्गी घर, सरळ लग्न, पगाराची नोकरी, चांगला क्लब. तिच्याकडे सांगण्यासारखं होतं ते पहाटेचं वेळापत्रक, आणि ते दहा वर्षं मोडलं नाही. अशा माणसाविषयी वाचनीय लिहिणं फार कठीण असतं. बुटांची गोष्ट इतकी लोकप्रिय का झाली, याचं एक कारण मला यात दिसतं.

थोडा हिशेब करून पाहू. 3000 मीटर 8:45 मध्ये म्हणजे दर किलोमीटरला 2 मिनिटं 55 सेकंद. मॅरेथॉन 2:32:30 मध्ये म्हणजे दर किलोमीटरला सुमारे 3 मिनिटं 37 सेकंद. किलोमीटरमागे चाळीसेक सेकंदांची ही फट हीच तिची शिल्लक. त्या काळात मॅरेथॉन धावणाऱ्या बहुतेक बायका रस्त्यावरच्या होत्या. चिवट, धीराच्या, पण ट्रॅकवरच्या वेगाशी संबंध नसलेल्या. ट्रॅकवरची जागतिक विक्रमवीर मॅरेथॉनला येणं तोवर विरळाच होतं. शिवाय त्याच वर्षी मार्चमध्ये ग्लासगोला तिने जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धा मोठ्या फरकाने जिंकली होती. चिखल, चढ, ओबडधोबड माळ असं सगळं अंगवळणी पडलेलं. पहिले तीस किलोमीटर तिला न्यूयॉर्कचा वेग रेंगाळल्यासारखा वाटला असेल तर त्यात आश्चर्य नाही. नंतर मांड्या धरल्या, कारण डांबरावर इतका वेळ आदळायची सवय फक्त तेवढ्या लांब धावूनच लागते. बाकी सारं तिच्याकडे आधीपासून होतं.

योगायोग होता तो वेगळाच. त्या वर्षी ती न्यूयॉर्कला आली ती फ्रेड लेबोमुळे. रुमानियातून आलेला, कपड्यांच्या धंद्यातला, दाढीवाला, बोलघेवडा गृहस्थ. 1970 साली सेंट्रल पार्कातल्या चकरा मारून 127 नावांनिशी त्याने ही मॅरेथॉन सुरू करण्यात पुढाकार घेतला, आणि 1976 साली ती शहराच्या पाचही भागांतून नेली. मॅरेथॉन न धावलेल्या या नॉर्वेजियन बाईला बोलवावं की नाही याबद्दल आधी टाळाटाळच झाली. मग लेबोने विचार केला : पुढे राहून वेग लावून देईल, मागच्या अनुभवी बायकांना त्याचा फायदा होईल, नंतर थकून बाजूला होईल. तो माणूस हिशेबात चुकला, आणि त्या चुकीने त्याची शर्यत जगभर गेली.

स्त्रियांना धावू द्यायचं की नाही हा वाद तेव्हा अमेरिकेत नुकताच शमला होता. 1967 साली बॉस्टनमध्ये कॅथरीन स्वित्झरला भर शर्यतीत अधिकाऱ्याने धरून ओढायचा प्रयत्न केला, ते छायाचित्र जगाने पाहिलं आहे. बॉस्टनने स्त्रियांना रीतसर प्रवेश दिला 1972 साली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये बायकांनी पुरुषांच्या दहा मिनिटं आधी वेगळं निघावं असा नियम लादला गेला, तेव्हा त्या सहाजणी सुरुवातीच्या रेषेवर दहा मिनिटं बसून राहिल्या आणि पुरुषांबरोबरच उठल्या. ग्रेटे या लढ्यात कुठेच नव्हती. ती घोषणा देणारी नव्हती, मुलाखतीत अवघडायची, गर्दी टाळायची. पण 1979 साली ती न्यूयॉर्कला परत आली आणि 2:27:33 मध्ये धावली. अडीच तासांच्या आत मॅरेथॉन संपवणारी पहिली स्त्री. बायकांच्या शरीराला हे झेपेल का, हा प्रश्न त्यानंतर गंभीरपणे विचारणं अवघड झालं. 1981 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने स्त्रियांची मॅरेथॉन मान्य केली. लढणाऱ्या बायकांचं श्रेय मी कमी करत नाही. त्यांनी दार ठोठावलं. पण आत बसलेल्यांची सबब संपवली ती घड्याळातल्या आकड्यांनी, आणि ते आकडे मुख्यतः ग्रेटेचे होते.

न्यूयॉर्क तिने नऊ वेळा जिंकलं : 1978, 79, 80, मग 1982 ते 86 सलग पाच, आणि 1988. मधल्या 1981 साली नडगीच्या दुखण्याने शर्यत सोडावी लागली. त्या वर्षी न्यूझीलंडच्या ॲलिसन रोने तिची सर्वोत्तम वेळ मोडली खरी, पण नंतर मार्ग नव्याने मोजला तेव्हा तो दीडशे मीटरांच्या आसपास कमी भरला. रस्त्यावरच्या शर्यतींचं मोजमाप त्या काळात इतपतच चोख होतं, हे त्या वर्षांचे सगळेच आकडे वाचताना लक्षात ठेवावं. क्रॉस कंट्रीचं जागतिक विजेतेपद तिने पाच वेळा घेतलं. 1983 साली हेलसिंकीला पहिलीवहिली जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा भरली. तिथली स्त्रियांची मॅरेथॉन ती 2:28:09 मध्ये जिंकली, दुसऱ्या क्रमांकाच्या धावपटूला तीन मिनिटं मागे टाकून.

मात्र याच 1983 सालात एक तारीख आहे जी कौतुकाच्या भरात लोक विसरतात. 17 एप्रिलला ग्रेटेने लंडनला 2:25:29 अशी वेळ दिली. दुसऱ्याच दिवशी, 18 एप्रिलला, बॉस्टनमध्ये जोन बेनॉइट 2:22:43 मध्ये धावली. एका रात्रीत जवळजवळ तीन मिनिटं! त्यानंतर सर्वोत्तम वेळ ग्रेटेच्या नावावर पुन्हा कधीच आली नाही. 1985 साली तिच्याच देशाच्या इंग्रिड क्रिस्टियानसेनने ती 2:21:06 पर्यंत खाली नेली. ग्रेटेची स्वतःची सर्वांत वेगवान मॅरेथॉन 1986 ची, लंडनची, 2:24:54. तेव्हा ती तिच्या काळातली सर्वांत वेगवान बाई होती असं म्हणणं अर्धसत्य आहे. काही वर्षं होती, मग नव्हती. मला तिची थोरवी त्यामुळे कमी वाटत नाही. पण आकडे आहेत तसे मांडलेले बरे.

आणि मग लॉस एंजेलिस. 5 ऑगस्ट 1984. ऑलिंपिकमधली स्त्रियांची पहिली मॅरेथॉन. ग्रेटे तीस वर्षांची. ज्या अंतरासाठी ती घडली होती ते ऑलिंपिकने अखेर तिच्यापुढे ठेवलं होतं. आदल्या दिवशी तिची पाठ धरली होती. शर्यतीत पाचेक किलोमीटर झाले असतील-नसतील तोच बेनॉइट पुढे निघून गेली. निवड चाचणीच्या सतरा दिवस आधी तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. मागे ग्रेटे, क्रिस्टियानसेन, पोर्तुगालची रोझा मोटा असा जाणत्यांचा घोळका. उन्हात ही मुलगी टिकणार नाही, मागे येईल, असं सगळ्यांना वाटलं. ती आली नाही. बेनॉइट 2:24:52, ग्रेटे 2:26:18, मोटा 2:26:57. शर्यतीचं चित्रण पाहताना मला जाणवतं की ग्रेटे त्या दिवशी स्वतःसारखी धावली नाही. तिची रीत होती सुरुवातीपासून आपला वेग लावण्याची. त्या दिवशी ती दुसऱ्याच्या थकण्याची वाट पाहत बसली. पाठीचं दुखणं हे कारण असेल, इतकी वर्षं वाट पाहिलेल्या संधीचं ओझंही असेल. पहिल्या न्यूयॉर्कला तिला काहीच माहीत नव्हतं आणि ती निर्धास्त धावली. लॉस एंजेलिसला तिला जरा जास्तच माहीत होतं.

त्याच वर्षी ऑस्लोच्या बिस्लेट मैदानाबाहेर तिचा पुतळा बसला. स्वतः अजून शर्यतींत धावत असताना रोज आपल्याच पुतळ्यावरून जाणं, हे तिच्यासारख्या संकोची बाईला कसं वाटलं असेल! त्याहून तिला शोभणारी गोष्ट त्याच साली सुरू झाली : ऑस्लोत केवळ स्त्रियांसाठी तिच्या नावाची पाच किलोमीटरची धाव. तिथे घड्याळाला फार मान नव्हता. आज्या आल्या, लेकुरवाळ्या आल्या, कधी न धावलेल्या हजारो बायका आल्या.

सोलला 1988 साली दुखऱ्या गुडघ्याने तिने ऑलिंपिक मॅरेथॉन मध्येच सोडली आणि काही आठवड्यांतच न्यूयॉर्कला नवव्यांदा जिंकली. 1990 साली तिथेच चौथी आली आणि स्पर्धेतून बाजूला झाली. पण खरी आठवावी अशी तिची न्यूयॉर्क मॅरेथॉन मला त्यानंतरची वाटते. लेबोला मेंदूचा कर्करोग झाला होता. 1992 साली, साठी गाठल्यावर, त्याने आपली स्वतःची मॅरेथॉन पाचही भागांतून पहिल्यांदाच धावायचं ठरवलं आणि ग्रेटे त्याच्या बरोबर धावली. 5 तास 32 मिनिटं 34 सेकंद. इतका वेळ पायांवर राहणं तिलाही नवं होतं. दोघंही रडत पोहोचले. 1994 साली लेबो गेला. 2005 साली कर्करोगाने तिलाच गाठलं. कोणता, हे तिने शेवटपर्यंत जाहीर केलं नाही. उपचार चालू असताना रुग्णांना व्यायाम मिळावा म्हणून तिने 2007 साली एक संस्था काढली आणि नॉर्वेतल्या रुग्णालयांत व्यायामकेंद्रं उभी राहू लागली. 19 एप्रिल 2011 रोजी, सत्तावन्नाव्या वर्षी, ती गेली. नॉर्वे सरकारने आपल्या खर्चाने तिला निरोप दिला.

मराठी वाचकाने हे का वाचावं? प्रेरणा वगैरे मी म्हणणार नाही. तो शब्द आता भाषणांनी झिजवला आहे. कारण साधं आहे : हा इतिहास आपल्या मुलींचाही आहे. स्त्रियांची 10,000 मीटर धाव ऑलिंपिकमध्ये आली 1988 साली. तिच्याच जोरावर सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य घेतलं. स्त्रियांची 3000 मीटर स्टीपलचेस ऑलिंपिकमध्ये आली 2008 साली, आणि आठच वर्षांनी रिओत माणदेशाच्या ललिता बाबरने तिची अंतिम फेरी गाठली. ललिता वीस वर्षं आधी जन्मली असती तर धावली असतीच; पण तिचं अंतर तिला सापडलं नसतं. माणदेशाच्या माळावर काय, नाशिकच्या आदिवासी पाड्यांत काय, अशा किती जणी आपलं अंतर न सापडता संसाराला लागल्या, त्याची नोंद कुठेच नाही.

न्यूयॉर्कचे नऊ विजय आजवर दुसऱ्या कोणाला साधलेले नाहीत, ना पुरुषाला, ना स्त्रीला. वाचक साहजिकच त्या पानांकडे आधी धाव घेईल. माझी विनंती एवढीच की 1972 ते 1978 ही वर्षं ओलांडून जाऊ नका. तिथे पदकं थोडी आहेत, निराशा बरीच आहे आणि सराव पुष्कळ आहे. पण ग्रेटे वाइट्झ घडली ती त्याच वर्षांत, आणि ती नीट वाचली तर बूट फेकण्याच्या गोष्टीवर तुम्ही हसाल ते वेगळं हसाल.